परत घ्याल का?

४ जानेवारी

मावशी,

तीर्थरूप लिहिलं की तुला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटतं, म्हणून नुसतंच मावशी. नमस्कार मात्र पूर्ण, वाकून.

बातमी अशी, की तुझा पिपाणी साहेब झाला. मुलांच्या संगीतशाळेचा व्यवस्थापक! लहानपणी मी रडायला लागलो की तू कानात कापूस घालायचीस. आता इतरांच्या पोरांचं बेसूर वाजवणं दिवसभर ऐकायचा मला पगार मिळतो. वर वाद्यांच्या खोल्या, खाली गायनाचा हॉल आणि जिन्याखाली माझी केबिन. केबिनवर पाटी आहे. माझी खारू शाळा सुटली की इथेच येते, व्हायोलिन शिकते आणि उरलेल्या वेळात माझ्या पेन्सिली कुरतडते. नऊ वर्षांची घोडी झाली, पण नावाला जागते.

आता काम. ज्यांच्या देणगीवर शाळा चालते, त्यांनी नवीन टूम काढली आहे. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने ‘बालसुरक्षा धोरण’ लेखी द्यायचं. म्हणजे आपल्याच शिक्षकांकडून, कर्मचाऱ्यांकडून मुलांच्या बाबतीत काही वावगं होऊ नये म्हणून आपण काय करतो, ते. आम्ही काहीच करत नाही, कारण आमच्याकडे तसलं काही नाहीच. पण कागद हवा. तू इतकी वर्षं याच विषयावर संशोधन करतेस, तुझ्याकडे असल्या कागदांचे गठ्ठे पडलेले असतील. दोन पानं पाठवून दे. भाषा मवाळ ठेव, पालक घाबरायला नकोत. अध्यक्षबाई ते दर्शनी भिंतीवर लावणार आहेत. दोन पानांच्या वर जाऊ नकोस, फ्रेम आणून झाली आहे.

तुझा
पिपाणी (साहेब)

११ जानेवारी

चि. पिपाणी,

आशीर्वाद. फ्रेम आधी आणि धोरण मागून! अरे, मी आयुष्य घालवून जे शोधलं, ते तुझ्या अध्यक्षबाईंनी एका खरेदीत सांगून टाकलं. त्यांना माझा साष्टांग नमस्कार सांग.

पत्रच लिहिते आहे, कारण फोनवर तू “बरं मावशी, हो मावशी” करतोस आणि ठेवून देतोस. ईमेल आमच्या संस्थेत चौघं वाचतात. कागदाला मात्र तू पहिलीपासून घाबरतोस.

मी शाळा पाहिल्या, वसतिगृहं पाहिली, पोहण्याचे तलाव, मुलांचे दवाखाने, खेळाची मैदानं, सगळं पाहिलं. धोरण सगळीकडे असतं. ते कपाटात असतं, आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे असते. प्रशिक्षणही होतं. आधी पुष्पगुच्छ, मग पाहुण्यांचा परिचय, मग चहा, मग पाहुण्यांना गाडी पकडायची असते म्हणून उरलेल्या वेळात मुलांचं रक्षण. शेवटी एक फॉर्म भरायचा: ‘प्रशिक्षण उपयुक्त वाटले का?’ सगळे ‘अत्यंत’ लिहितात. आमची संस्था त्याचे रंगीत तक्ते काढते आणि परिषदेला नेते. तिथेही चहा असतो.

तुझी दोन पानं सोबत आहेत. चार झाली. दारांना काचा लाव, आणि त्या उघड्या ठेव, नाहीतर आठवड्यात त्यांच्यावर काहीतरी चिकटलेलं असेल. एक मोठा आणि एक मूल, बंद खोलीत, असं कुणाच्याही बाबतीत नको. मोठ्यांनी मुलांशी गुपितं ठेवायची नाहीत, छोटीसुद्धा नाहीत. आणि नवा माणूस घेताना त्याच्या आधीच्या ठिकाणी फोन करायचा, तो रुजू होण्याआधी. हसू नकोस. बहुतेक लोक माणूस रुजू झाल्यावर उपचार म्हणून फोन करतात, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

शिवाय एक प्रश्न. मी जाते तिथे हा विचारते, आणि बाकीची माझी सगळी प्रश्नावली फेकून दिली तरी चालेल अशी माझी खात्री आहे. तुमच्याकडे नियम कुणाला लागू नाहीत? विचारून बघ. लोक लाजत नाहीत, मोठ्या अभिमानाने सांगतात.

मावशी

२ फेब्रुवारी

मावशी,

तुझी चारही पानं अध्यक्षबाईंनी वाचली. “मावशी फार हुशार दिसतात हो तुमच्या,” म्हणाल्या, “पण पहिलं पान तेवढं घेऊ.” पहिल्या पानावर प्रस्तावनाच होती. तेव्हा फ्रेममध्ये प्रस्तावना आहे. चिडू नकोस, बाकी बरंच केलं. दारांना उभ्या काचा बसवल्या. जिन्यात झकास रंगीत पोस्टर लावलं, ‘मुलांनो, नाही म्हणायला शिका!’ पालकांनी फोटो काढले.

काचांचं मात्र तू म्हणालीस तेच झालं. पियानोच्या खोलीवर चित्रं चिकटली, बासरीच्या खोलीवर वेळापत्रक. मी स्वतः जाऊन खरवडून काढलं. बघ, तुझा भाचा अगदीच वाया गेलेला नाही.

आणि तुझा तो प्रश्न चहाच्या वेळी सगळ्यांना विचारला. सगळे हसले आणि एकदम म्हणाले, “मोठे सर!” आमच्या संगीतशाळेत सगळे एका सुरात आलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

मोठे सर म्हणजे आमचे व्हायोलिनचे शिक्षक. देवमाणूस. सुट्टीच्या दिवशी येऊन निवडक मुलांना फुकट शिकवतात, उशीर झाला तर आपल्या गाडीने घरी सोडतात. पालक त्यांच्यावर जीव टाकतात. त्यांच्या दाराच्या काचेला तेवढा पडदा आहे, उन्हाने त्यांच्या जुन्या व्हायोलिनचं पॉलिश जातं म्हणून. कलावंत माणूस, चालायचंच. आधीच्या शाळेने त्यांना अक्षरशः रडत निरोप दिला. तिथलं मानपत्र त्यांच्या खोलीत टांगलं आहे, मी उभा राहून वाचलं, माझेही डोळे भरून आले.

आता खरी बातमी. सरांनी शनिवारच्या खास वर्गासाठी यंदा आपली खारू निवडली! मार्चच्या पहिल्या शनिवारपासून, एकटीला, सकाळी. तुझी सूनबाई तर हवेत आहे. व्हायोलिनच्या गजाला राळ घासली नाही तर ते बोलतच नाही, हे मला इथे आल्यावर कळलं. तर सरांनी खारूला राळेचा एक खडा दिला आहे, निळ्या मखमलीच्या तुकड्यात बांधून. म्हणाले, “हे आपलं दोघांचं गुपित. घरी सांगितलं तर आवाजातली जादू जाते.” आता हिच्या पोटात काही राहतंय का! आल्या आल्या माझ्या कानात ओतलं. मी कुणाला सांगणार नाही म्हणून शपथ घेतली आहे. तूही घे.

पिपाणी

६ फेब्रुवारी

पिपाणी,

खारूला त्या वर्गाला पाठवू नकोस. एकदाही नाही. कारण विचारू नकोस. ते सांगायची मला परवानगी नाही.

सरांच्या आधीच्या शाळेला फोन कर आणि दोन प्रश्न विचार. पहिला, शिक्षक म्हणून ते कसे होते? याचं उत्तर लांबलचक येईल, ते येऊ दे. मग दुसरा. उद्या ते यायला तयार झाले, तर तुम्ही त्यांना परत घ्याल का? आणि मग गप्प बस. कितीही अवघड वाटलं तरी आधी तू बोलू नकोस.

खारूने गुपित फोडलं त्याबद्दल तिला उचलून घे आणि शाबासकी दे. माझ्याकडूनही.

मखमलीला बांधलेला दोरा पांढरा आहे का, एवढं कळव.

मावशी

१५ फेब्रुवारी

मावशी,

हो, पांढरा आहे. तुमच्या नियमाप्रमाणे राळ कोणत्या रंगाच्या दोऱ्याने बांधायची असते तेही एकदा लिहून पाठव, म्हणजे फ्रेम करतो.

तुझं पत्र वाचून मला काय वाटलं ते स्पष्टच लिहितो. वाईट वाटलं. मी तुला आनंदाची बातमी कळवली आणि तू मला हुकूम सोडलास, तोही कारण न देता. सूनबाईला दाखवलं. ती म्हणाली, “मावशींनी जन्मभर तेच पाहिलं, आता त्यांना सगळीकडे तेच दिसतं.” मला तिचं पटलं. इथे एक माणूस स्वतःचा वेळ खर्चून दुसऱ्यांच्या पोरांसाठी झिजतो, आणि मी त्याच्या मागे चोरासारखी चौकशी करायची? कुणाच्या चांगुलपणाला काही किंमत आहे की नाही?

तुला सांगतो, सर किती मोकळे आहेत. काचा, पोस्टर हे सगळं पाहून ते आपणहून माझ्या केबिनमध्ये आले. म्हणाले, “फार उत्तम काम करताय. हे कुणीतरी अंगावर घ्यायला हवं.” आम्ही बालसुरक्षा समिती केली आहे. सर तिचे प्रमुख आहेत. ज्याच्या मनात काळंबेरं असेल तो असं करेल का? तूच सांग, तू एवढी शिकलेली आहेस.

खारूचा वर्ग ठरल्याप्रमाणे सुरू होईल. तुझी शाबासकी तिला दिली, कशाबद्दल ते तिलाही कळलं नाही.

पिपाणी

१९ फेब्रुवारी

पिपाणी,

तूच सांग म्हणालास म्हणून सांगते. असं करेल का? असंच करेल. कोंबड्यांची संख्या मोजायचं काम कोल्हा आनंदाने अंगावर घेईल, आणि तुम्ही त्याला वर टाळ्या वाजवून खुर्ची द्याल. आणि दाराच्या काचेवर ऊन पडतं, म्हणे! अरे गाढवा, दार आतल्या बोळात उघडतं. बोळात ऊन कुठून येतं? एवढे मोठे विश्वस्त, शिक्षक, अध्यक्षबाई, पाटीवाला व्यवस्थापक, सगळे त्या पडद्यापुढून रोज जा-ये करतात आणि एकालाही हा प्रश्न पडत नाही. पडतो, पण विचारायची हिंमत होत नाही. ज्याला पडदा काढा म्हणायला तुम्हा सगळ्यांची जीभ टाळ्याला चिकटते, त्याला नऊ वर्षांच्या पोरीने ‘नाही’ म्हणायचं. त्यासाठी जिन्यात पोस्टर. रंगीत!

आता कारण. नीट बसून वाच.

माझ्या अहवालात एक ‘संस्था क्रमांक सात’ आहे. संगीतशाळा. तिथे एक शिक्षक होता, सगळ्यांचा लाडका, सुट्टीत फुकट शिकवणारा. निवडलेल्या मुलीला तो निळ्या मखमलीत, पांढऱ्या दोऱ्याने बांधून राळेचा खडा द्यायचा आणि घरी सांगू नकोस म्हणायचा. पहिलं गुपित असं बिनविषारी असतं, पोर ते पाळते का हे बघायला. जी पाळायची, तिला मग पुढची गुपितं मिळायची. पुढचं मी तुला लिहिणार नाही. त्यातली एक मुलगी आता मोठी बाई आहे. ती माझ्यासमोर बसून हे सांगत होती आणि सबंध वेळ स्वतःच्या ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. तिच्या आईने तेव्हा शाळेत जाऊन सगळं सांगितलं होतं. शाळेने काय केलं? मानपत्र दिलं. तेच, जे वाचून तुझे डोळे भरून आले.

मला नाव माहीत नव्हतं का? संस्थेचं होतं. पण आमच्या नीतिनियम समितीचा दंडक आहे, की ज्या संस्था संशोधनाला दार उघडतात त्यांचं नाव कधीही, कुणालाही कळता कामा नये. नाहीतर पुढे कुणी दार उघडणार नाही आणि संशोधन बंद पडेल. फार थोर विचार आहे. संस्थेची अब्रू झाकली, शिक्षकाची झाकली, संशोधन जिवंत राहिलं, आणि तो माणूस सामान बांधून तुमच्याकडे आला. मुलांवरच्या अत्याचाराला आळा कसा घालावा, यावरचं संशोधन बरं का हे. त्याला पारितोषिक मिळालं आहे.

तुझं पत्र आल्यावर मी त्या बाईला फोन केला. तिला विचारल्याशिवाय मी तुझ्याशी एक अक्षर बोलले नसते. ती म्हणाली, “माझं नाव नका सांगू. त्याचं सांगा.” म्हणून सांगते. मखमल, दोरा, मानपत्र, सगळं जुळतं; तुमचे मोठे सर त्याच शाळेतून आले. क्रमांक सात म्हणजे तीच शाळा. हे पत्र तू हव्या त्या माणसाला दाखव. मी मोडायची ती शपथ मोडली आहे, आणि उद्या समितीला तसं लेखी कळवणार आहे.

तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मला सगळीकडे तेच दिसतं. फोन कर आणि दुसरा प्रश्न विचार.

मावशी

१० मार्च

मावशी,

तुझं पत्र आलं आणि मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. सूनबाईला दाखवलं नाही. मला तुझा इतका राग आला होता, की मी दोन दिवस मनातल्या मनात तुला उत्तरं देत फिरत होतो. बोळातून जाताना मात्र मान आपोआप त्या पडद्याकडे वळायची.

वर्गाच्या आदल्या दिवशी खारू केबिनमध्ये आली. पेन्सिल तोंडात नव्हती. म्हणाली, “बाबा, उद्या तू खालीच बसायचंस. सर म्हणालेत, बाबा वर आले तर मला काही येणार नाही.” मग विचारलं, “राळेचं मी तुला सांगितलं, ते सरांना कळलं का रे? ते विचारत होते. मी नाही म्हणाले. खोटं बोलले ना मी?”

मावशी, तिला जवळ घेतलं आणि तिथूनच फोन लावला.

तिथले व्यवस्थापक फार गोड बोलले. पहिल्या प्रश्नाला तर बांधच फुटला. असा शिक्षक होणे नाही, आमचं केवढं नुकसान झालं, तुम्ही भाग्यवान. मी ऐकत राहिलो. मग विचारलं, “उद्या ते यायला तयार झाले, तर परत घ्याल का?”

काही नाही. मला वाटलं फोन कट झाला. पण मागे कुणीतरी सूर लावत होतं, तो ऐकू येत होता. तू सांगितलं होतंस म्हणून मी तोंडातून शब्द काढला नाही. खारू माझ्या शर्टाचं बटण फिरवत होती. शेवटी ते म्हणाले, “सध्या आमच्याकडे जागा नाही हो.” मी पुन्हा गप्प. मग हळू आवाजात म्हणाले, “तुम्हाला मुलगी आहे का?” आणि ठेवून दिला.

खारू त्या शनिवारी गेली नाही, आता कधीच जाणार नाही. सूनबाईने तुझं पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. तुला फोन करायची तिला लाज वाटते. मलाही.

पुढचं ऐक. मी विश्वस्तांपुढे सगळं मांडलं. आधी म्हणाले, पुरावा काय? मग म्हणाले, शाळेचं नाव. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, “कशाला कुणाच्या पोटावर पाय? त्यांना सन्मानाने निरोप देऊ. तुम्ही एक छानसं शिफारसपत्र लिहा, तुमची भाषा चांगली आहे.” सगळ्यांचे चेहरे लगेच उजळले. मावशी, त्या खोलीत एकही वाईट माणूस नव्हता. प्रत्येकाला फक्त हे आपल्या दारातून बाहेर जायला हवं होतं. शिफारसपत्र सोमवारपर्यंत हवं आहे. नाही लिहिलं तर माझी पाटी निघेल, हे कुणी बोललं नाही, पण कळलं.

मी काय करू?

पिपाणी

१४ मार्च

बाळ पिपाणी,

आधी आमच्याकडची गंमत ऐक. मी नियम मोडल्याचं समितीला कळवलं आणि आठवड्याच्या आत चौकशी, सुनावणी, निर्णय, सगळं उरकलं. मला संशोधनातून दूर केलं आहे. काय तो वेग! लेकरांच्या आया वर्षानुवर्षं ज्या समित्यांची दारं वाजवतात, त्या समित्या इतक्या चपळ असू शकतात, हे मला ठाऊकच नव्हतं. एक सदस्य तर मला म्हणाले, “विश्वास एकदा तुटला की परत जोडता येत नाही, मॅडम.” ते संस्थांच्या विश्वासाबद्दल बोलत होते.

शिफारसपत्र तुला जमणार नसेल तर माझ्याकडचा नमुना घे. ‘सदर शिक्षक अत्यंत प्रेमळ असून मुलांसाठी सुट्टीच्या दिवशीही उपलब्ध असतात. त्यांच्या खोलीला पडदा लागतो, तो आपण पुरवावा. आमच्या मुली आता जरा मोठ्या झाल्या, म्हणून आम्ही त्यांना आपल्या मुलींकडे पाठवत आहोत. आपणही त्यांचा उपयोग झाल्यावर पुढे पाठवावे.’ खाली सही आणि शिक्का. अध्यक्षबाईंना विचार, फ्रेममध्ये बसतं का.

तू काय करू विचारतोस. तुला माहीत आहे. लिहू नकोस. आजच पोलिसांत जा, आणि मुलांच्या संरक्षणासाठी जे कार्यालय आहे तिथे जा. ती बाई जबाब द्यायला तयार आहे, मी तिच्यासोबत बसणार आहे. आणि पालकांना बोलव. विश्वस्तांना विचारून नाही, सांगूनही नाही. पोरांना धरून बसवून प्रश्नांची सरबत्ती करू नका म्हणावं, ते काम शिकलेल्या लोकांचं आहे. फक्त इतकं सांगायला सांग, की कुठलंही गुपित घरी फोडलं तरी कुणी रागावणार नाही.

पाटी जाईल. जाऊ दे. लहानपणी तू भोकाड पसरलंस की मी कानात कापूस घालायची, खरं आहे. आता मात्र मोठ्याने ओरड, बाळा. तुझ्या आवाजाचा आजवर कुणाला उपयोग झाला नाही, आता होऊ दे.

खारूला सांग, ती खोटं बोलली नाही. तिने स्वतःला सांभाळलं. आणि सूनबाईला म्हणावं, लाज वाटायची असेल तर रांग फार मोठी आहे, तिचा नंबर शेवटचा.

मावशी

९ जून

मावशी,

इतके दिवस पत्र नाही, कारण लिहिण्यासारखं फोनवर बोलून झालं होतं, आणि जे फोनवर बोलता येत नव्हतं ते लिहिताही येत नव्हतं. आज लिहितो.

शिफारसपत्र मी लिहिलं नाही, ते तुला माहीत आहे. अध्यक्षबाईंनी स्वतः लिहिलं. निरोपसमारंभही झाला. पोलिसांत तक्रार झालेली असताना झाला, हे लक्षात घे. “तक्रार म्हणजे काही शिक्षा नव्हे,” म्हणाल्या. पुष्पगुच्छ होता, पोरांना एका रांगेत उभं करून गाणं म्हणायला लावलं. बऱ्याच पालकांचे डोळे ओले होते आणि ते माझ्याकडे असे बघत होते, की चोर मीच. मी दाराशी उभा होतो. मी पालकांची बैठक घेतली होती तेव्हा यातले अर्धे तावातावाने उठून गेले होते. बैठक संपल्यावर दोन आया मात्र मागे थांबल्या. खुर्च्या आवरून झाल्या, दिवे घालवायची वेळ झाली, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या मुलींचे जबाब झाले आहेत. तपास चालू आहे, म्हणजे कागद या टेबलावरून त्या टेबलावर चालले आहेत. तिथल्या बाई अधिकारी चांगल्या आहेत, त्या ते पुढे सरकवतात.

खोलीचा पडदा निघाला. निघाला कसला, निरोपाच्या दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून ओढून काढला. त्याच्या अस्तरात मखमलीचा गठ्ठा होता, निळ्या. कापून ठेवलेले तुकडे. तो पोलिसांना दिला.

माझी पाटी या महिन्याअखेर निघते आहे. कारण ‘संस्थेच्या वातावरणाशी जुळवून घेता न येणे’. हे वाचून मी इतका हसलो की लेखापाल घाबरून आत आला. जिन्यातलं पोस्टर तसंच आहे.

पण तुला लिहायला बसलो ते आज सकाळी जे झालं त्याच्यासाठी. केबिनमधलं सामान खोक्यात भरत होतो. खारूच्या कुरतडलेल्या पेन्सिली निघाल्या ढीगभर. फोन वाजला. दुसऱ्या कुठल्या तरी गावातली मुलांची गायनशाळा, तिथली व्यवस्थापिका. गोड, घाईतला आवाज. म्हणाली, “उपचार म्हणून फोन करतेय हो, सर सोमवारीच रुजू झाले आमच्याकडे. शिफारसपत्र तर इतकं सुंदर आहे. शिक्षक म्हणून कसे होते, एवढं सांगा, म्हणजे मी इथे खूण करून फाइल बंद करते.”

मला तुझं पहिलं पत्र आठवलं. रुजू झाल्यावर फोन करतात म्हणाली होतीस, आणि मी वाचून हसलो होतो.

मी म्हणालो, “बाई, तुम्ही दुसरा प्रश्न विचारायला विसरलात.”

“कोणता?”

“परत घ्याल का, हा. तर नाही. कधीही नाही. आमच्याकडे त्यांच्यावर पोलिसांत तक्रार आहे. आता मी तुम्हाला एक विचारतो. या आठवड्यात त्यांनी खास वर्गासाठी कुणाला निवडलंय का? निळ्या मखमलीत बांधून काही दिलंय का कुणाला?”

ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही, तू शिकवलंस तसं. मग टेबलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. तिने रिसीव्हर खाली ठेवला होता, बंद न करता. खुर्ची मागे सरकली. आणि मग, मावशी, मला तिच्या चपला ऐकू आल्या, आधी जवळ, मग लांब, फरशीवर. ती पळत होती.

तुझा
पिपाणी